खड्डा, एक नग

...आणि वर मलाच विचारतो, "म्हणजे तुमची तक्रार काय, तर काम चांगलं झालं?"

आता बोला. काउंटरच्या पलीकडे बसलेला कारकून, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, काच इतकी मळलेली की त्यातून त्याला मी दिसत होते की नुसता ढग, देव जाणे, आणि हा मला विचारतो तक्रार काय! माझं चष्म्याचं दुकान आहे, तीस वर्षं लोकांच्या नाकांशी झुंजतेय मी, आणि तुम्हाला सांगते, ज्याला स्वतःच्या चष्म्याची काडी बसवून घ्यायचं सुचत नाही त्याच्या हातात दुसऱ्याचा अर्ज देऊ नये. पण देतात. लघुवाद न्यायालयात देतात. छोट्या माणसांच्या छोट्या भांडणांचं कोर्ट म्हणे हे. वकील लागत नाही, आपला अर्ज आपणच भरायचा, महिन्याभरात निकाल, असं बाहेर पाटीवर लिहिलंय. त्या पाटीचा रंग उडालाय, अर्धी अक्षरं गेलीत, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना? मी बेचाळीस चढले. लिफ्ट बंद होती.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीपण त्या कारकुनासारखं तोंड कराल.

माझे वडील. वय शहाऐंशी. डावा खुबा एकदा मोडून जोडलेला, तो पाय इंचभर आखूड, म्हणजे बाबा बसतात तेच मुळात तिरके. त्यांची एक खुर्ची आहे. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. चौतीस वर्षं बाबा त्या खुर्चीत बसले, आणि बसून बसून तिच्या बैठकीत एक खड्डा पडला. तुम्ही म्हणाल, खड्डा तो खड्डा, त्यात काय एवढं? अहो, डावीकडे खोल, उजवीकडे उथळ, मागे कंबर टेकायला बरोब्बर एक उंचवटा... फ्रेममध्ये भिंग बसतं ना, टक् करून, की मग ते हलत नाही, तसे बाबा त्या खड्ड्यात बसायचे. सकाळी पेपर घेऊन बसले की दुपारची डुलकी तिथेच, संध्याकाळचा चहा तिथेच, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला झापणं तिथेच, मला झापणं तर तिथेच. त्या खुर्चीत बसून बाबांनी तोंडानं किती सरकारं पाडलीत, मोजदाद नाही.

तर त्या खुर्चीचा एक हात डुगडुगायला लागला. बाबा उठताना त्यावर भार टाकायचे, पडतील बिडतील म्हणून मी खुर्ची नेली कुशनवाल्याकडे. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. हा माणूस चष्मा कपाळावर ठेवून बोलतो. कपाळावर चष्मा ठेवणाऱ्याचं मला वावडं आहे, डोळे खाली आणि चष्मा वर म्हणजे बघायचंच नाही असं ठरवून आलेला माणूस. पण जवळ होता. मी त्याला सांगितलं, स्वच्छ सांगितलं, "हा हात तेवढा घट्ट करा. बैठकीला बोट लावायचं नाही." तो म्हणाला, "ताई, तुम्ही काळजीच सोडा."

काळजी सोडा म्हणणारा माणूस दिसला की काळजी दोन्ही हातांनी धरून ठेवावी, हे मला या वयात कळलं.

चौथ्या दिवशी हातगाडीवरून खुर्ची आली. मागून हा, नवरीमुलगी घेऊन यावं तसा. "ताई, हात तर केलाच, पण ती बैठक हो! पार बसलेली. स्प्रिंगा मेलेल्या, आतल्या काथ्याचा भुगा. मला बघवेना. म्हातारं माणूस बसणार, म्हटलं आपल्याकडून होऊ दे. सगळं उपसून नवीन फोम भरला. वरचं कापडही नवीन. आणि बैठकीचा एक पैसा घेणार नाही मी." भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, इथे मी भीक मागितलीच नव्हती आणि कुत्रा घरात येऊन बसला होता. टम्म फुगलेला.

बाबा बसले. बसले म्हणजे काय, ठेवले गेले. डावा खुबा हवेत, उजवा त्याच्याही वर, आणि अर्ध्या मिनिटात बाबा हळूहळू पुढे... आणखी पुढे... मी धरलं म्हणून, नाहीतर जमिनीवरच होते. बाबा म्हणाले, "ही कुणाची खुर्ची?"

"तुमचीच की बाबा."

"माझी नाही," म्हणाले, आणि पलंगावर जाऊन आडवे झाले. सकाळी साडेदहाला.

इथवर मीसुद्धा हसण्यावारी नेलं. पण आठ दिवस झाले, दहा झाले, बाबा आडवेच. प्लॅस्टिकची खुर्ची आणली, वेताची आणली, शेजारणीची झुलणारी आणली, तिच्यात तर त्यांना गरगरलं. उशा लावल्या, गोधड्या लावल्या. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "यांना दिवसा झोपू देऊ नका. या वयात माणूस दिवसा आडवा व्हायला लागला की आडवाच राहतो. पाच-सहा तास तरी बसवायलाच हवं." मी म्हटलं बसवते, पण कशावर? मग त्या नव्या फोमवर खड्डा पाडायचा मीच प्रयत्न केला. स्वतः बसले. माझं वजन सत्तेचाळीस किलो. उठले की फोम परत वर, मख्खासारखा. वाळूची पोती ठेवली चार दिवस. पोती काढली, पाच मिनिटांत जैसे थे. ती बैठक माझ्याकडे बघून हसत होती हो.

कुशनवाल्याकडे गेले. म्हटलं, जुनं भरा परत. "जुनं? ते तर कचऱ्याच्या गाडीत गेलं." बरं, मग कापून, तासून, काय करायचं ते करा, पण तसाच खड्डा पाडून द्या, पैसे देते. तर ह्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला दरोडा घालायला सांगतेय. चष्मा आणखी वर सरकवला. "ताई, बावीस वर्षं मी खड्डे बुजवतोय. खड्डा पाडून देणार नाही. उद्या कोणी विचारलं, ही बैठक कुणी केली, तर? माझ्या हातानं वाकडं काम होणार नाही." मी म्हटलं, अहो, माणूस वाकडा आहे, तर बैठक वाकडीच लागणार ना? नाकाच्या दोन बाजू सारख्या नसतात म्हणून मी चष्म्याच्या काड्या वाकवून देते की नाही? तर म्हणतो, "तो तुमचा धंदा, हा माझा."

एकाला कळेल तर शपथ.

म्हणून मी कोर्टात गेले. हौस नव्हती. म्हटलं, ह्याला दुसरी कुठली भाषा समजत नाही, तर सरकारी शिक्क्याची समजेल. कोर्टानं सांगितलं की पूर्ववत करून दे, तर करील झक मारत.

तर तो काउंटर. तो अर्ज, तीन प्रतींत. रकाना चौथा, "नुकसानीचं स्वरूप." त्यापुढे छापील यादी, त्यातल्या एकावर खूण करायची. तुटणे, फुटणे, डाग पडणे, हरवणे, अपूर्ण काम, विलंब. मी म्हटलं, ह्यात माझं नाहीच. कारकून म्हणाला, "अपूर्ण कामावर करा." अहो, अपूर्ण कुठे? काम उतू गेलंय! "मग डाग." डाग कुठे आहे? नवं कोरं कापड आहे. "बाई," तो म्हणतो, आणि नाकावरून घसरणारा तो चष्मा एका बोटानं वर ढकलतो, दर वाक्याला ढकलतो, मला त्याचं नाकच धरून बसावंसं वाटत होतं, "बाई, जास्तीच्या कामाची तक्रार करायची सोय नाही. आजवर कोणी केलेली नाही. मागे लाइन आहे." मागे खरंच लाइन होती. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे पाठवा हो तुमच्या त्या कुशनवाल्याला." सगळे हसले. गाढवापुढे वाचली गीता, आणि गाढवंपण रांगेत उभी.

शेवटी मी "हरवणे" वर खूण केली. पुढे लिहावं लागतं, हरवलेली वस्तू आणि संख्या. मी लिहिलं, खड्डा, एक नग. कारकुनानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं, आणि शिक्का मारला. वाचून कळलं म्हणून नव्हे हं. एक वाजत आला होता आणि त्याला जेवायला जायचं होतं.

पहिल्या तारखेला कुशनवाला आला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फोटो. आधीची बैठक, नंतरची बैठक. न्यायाधीश बाईंनी फोटो बघितले. त्यांना दोन नंबरांचं भिंग लावलंय, पण रेषा इतकी खाली घेतलीय की बिचाऱ्या हनुवटी आकाशाकडे करून वाचतात. कोणी बसवलंय ते भिंग, त्याला आधी आत टाका, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. बाई फोटो ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुमची तक्रार काय, तर काम चांगलं झालं?"

मी सगळं सांगितलं. खुबा, आखूड पाय, डॉक्टर, वाळूची पोती. बाईंनी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू, आणि म्हणाल्या, "खुर्ची न्यायालयात हजर करा. तज्ज्ञांचा अहवाल मागवू." मला वाटलं, चला, इथे एक माणूस भेटला. खुर्ची आणली. बेचाळीस पायऱ्या, दोन हमाल, आणि वळणावर त्यांची आपसांत भांडणं. खुर्चीला चिठ्ठी बांधली, नंबर पडला, आणि ती अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या अंधाऱ्या खोलीत, जमा झाली. मग तज्ज्ञ शोधायला कारकुनानं यादी काढली. फर्निचरमधला तज्ज्ञ, कोर्टानं मान्य केलेला, अख्ख्या यादीत एक. कोण असेल?

कुशनवाला.

तो उभा राहून नमस्कार करतोय बाईंना. म्हणे, "मी तयार आहे." अरे, तू तयार आहेस, पण खटला तुझ्यावर आहे! मग नवा तज्ज्ञ नेमायचा तर पत्र, पत्राला उत्तर, उत्तराला तारीख. दुसरी तारीख, तिसरी, चौथी. कधी बाई रजेवर, कधी तज्ज्ञाचं पत्र भलत्याच पत्त्यावर, एकदा तर आमची फाइलच सापडेना आणि ती निघाली कारकुनाच्या डब्याखाली, तेलाचा डाग पडलेली. मी म्हटलं, आता करा "डाग पडणे" वर खूण! त्याला विनोद कळला नाही. तो चष्मा अजून दोऱ्यावरच.

आणि घरी बाबा. आधी ते पलंगावरून ओरडायचे तरी. मग ओरडणं कमी झालं. पेपर दिला की म्हणायचे, "राहू दे गं." चहा आणला, राहू दे गं. रेडिओवरची ती बाई भलतंच काहीतरी सांगत होती, मी मुद्दाम आवाज वाढवला, म्हटलं आता चिडतील... तर म्हणाले, "राहू दे." जन्मभर त्या माणसानं कुठलीही गोष्ट राहू दिली नव्हती. मला भीती वाटली. रात्रंदिवस नुसती भीती. आणि इकडे हे लोक मला तारीख देतायत, वाणसामानाची यादी द्यावी तशी.

सातव्या तारखेला मला सांगितलं, तज्ज्ञ येण्याआधी वस्तूची ओळख पटवा. गेले त्या खोलीत. आणि बघते तर काय, माझ्या बाबांच्या खुर्चीत, नंबर लावलेल्या खुर्चीत, शिपाई बसलेला! आणि शिपाई म्हणजे किती? दोन माणसांचा ऐवज एका गणवेशात कोंबलेला. गणवेशाची बटणं जिवावर उदार होऊन काम करत होती. मी भडकले. म्हटलं, लाज नाही वाटत? पुराव्यावर बसता?

तो शांतपणे म्हणाला, "बाई, इथे सगळे पुराव्यावरच बसलेत. मी निदान उठतो तरी." आणि उठला. दोन्ही हातांवर जोर देऊन, कण्हत. उजव्या खिशात कोर्टाच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, हा एवढा, तो टोचतो म्हणून हा मनुष्य वर्षभर बसतोय डावीकडे भार टाकून. शिवाय वरच्या फळीवरची फाइल काढायची तर शिडी कोण आणणार, म्हणून त्याच खुर्चीवर डावा पाय देऊन चढतोय.

मी खाली बघितलं.

डावीकडे खोल. उजवीकडे उथळ.

हात फिरवला. काचेतला केसाएवढा फरक माझ्या बोटांना कळतो, उगीच नाही सांगत. मागचा उंचवटासुद्धा येत चालला होता हो! फक्त डावीकडे अजून बोटभर खोली हवी होती. कुशनवाल्याला जमलं नाही, वाळूच्या पोत्यांना जमलं नाही, ते कोर्टाच्या शिपायानं नुसतं कामाच्या वेळेत बसून केलं होतं. मी म्हटलं, "दादा, उभे का? बसा. बसा हो."

त्या दिवशी मी स्वतः जाऊन पुढची तारीख मागितली. कारकुनानं पहिल्यांदाच चष्मा काढून पुसला. "तुम्हाला तारीख हवीय? तुम्हाला?" म्हटलं, हो, आणि लांबची द्या. कारण लिहिलं, वादीची प्रकृती. पुढच्यालाही तेच. दर चार दिवसांनी मी बेचाळीस पायऱ्या चढून शिपायासाठी डबा नेत होते. तूप सोडलेला. म्हटलं, दादा, संकोच करू नका, आणखी घ्या, आणि जरा डावीकडे रेला, हां, अस्सं. एकदा त्यानं पाच दिवसांची रजा काढली, पुतणीचं लग्न म्हणून, तर माझा जीव वरखाली. अशी कशी रजा काढतात? जबाबदारी आहे की नाही काही? लोकांची कामं खोळंबतात!

तुम्ही हसताय. मलाही माझीच कीव येत होती. पण घरी येऊन मी बाबांना रोज सांगायचे, खुर्ची येतेय बाबा, होतच आलंय, धीर धरा. आणि बाबा म्हणायचे, राहू दे गं.

शेवटी तज्ज्ञ मिळाला. सुतारकाम शिकवणारे एक निवृत्त मास्तर. त्यांनी पट्टी लावली, मापं घेतली आणि अहवाल दिला: "खुर्चीच्या बैठकीत खड्डा आढळला. डावीकडे जास्त. सबब खड्डा हरवल्याचं वादीचं म्हणणं खरं नाही."

बाईंनी हनुवटी वर करून अहवाल वाचला. खुर्ची समोर आणली. आणि कुशनवाल्यानं, तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. बघितलं त्यानं. तोंड एवढंसं झालं. "मॅडम, हे माझं काम नाही! हा खड्डा मी केलेला नाही!"

बाई म्हणाल्या, "पण खड्डा आहे, हे तुम्हाला मान्य?"

"आहे, पण..."

"मग वादीचा दावा फेटाळण्यात येतो. खर्च वादीनं द्यावा. वस्तू वादीला परत." जिंकलेला माणूस डोळे पुसत होता आणि हरलेली मी टेबलाला धरून हसू दाबत होते. बाईंना वाटलं मला धक्का बसला. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हरलात, कळतंय ना तुम्हाला?" मी म्हटलं, कळलं मॅडम. सगळं कळलं.

खुर्ची घरी आणली. बाबांना दोघांनी धरून आणलं, काड्या झाल्या होत्या हातापायांच्या. टेकवलं. ते जरा सरकले. डावा खुबा खाली गेला, उजवा बसला, कंबर मागे टेकली. मी समोर उभी. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय तोंडाकडे बघत उभी राहिलीस? चहाची वेळ कधीच टळून गेली. घर आहे की कोर्ट?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. पोटभर रडले. चहा उतू गेला, त्यावरून आणखी दहा मिनिटं ऐकून घेतलं. इतकं गोड कधी काही ऐकलं नव्हतं.

आता कालच तो कारकून भेटला रस्त्यात. म्हणाला, "बाई, निकाल तुमच्या विरुद्ध गेला, पण अपील करता येतं. वरच्या कोर्टात. तीस दिवस आहेत. केस चांगली आहे तुमची, सोडू नका." म्हणजे आता, निकालानंतर, ह्याला माझी केस कळली. म्हटलं, अपील केलं तर खुर्चीचं काय? "ती पुन्हा जमा करावी लागेल. तिथल्या अभिलेख कक्षात."

तर मी जाऊन बघून आले वरचं कोर्ट. नको. तिथला शिपाई बघितला मी, पार पाप्याचं पितर, माझ्याएवढंसुद्धा वजन नसेल. त्याच्याकडून काही न्याय व्हायचा नाही.